जागेवाल्याचा नारळ

गणू घाडी हा जन्माचा संशयी माणूस. दुबईत, अल क्वोजच्या खोलीत आठ जणांबरोबर राहत होता, तेव्हा तो खोबरेल तेलाच्या बाटलीवर बॉलपेनने रेघ मारून ठेवायचा आणि संध्याकाळी कामावरून आला की आधी रेघ बघायचा, मग बूट काढायचा. तेल रेघेच्या खाली गेलेलं दिसलं तर बोलायचा नाही, पण त्या आठवड्यात खोलीत कुणाचे केस जास्त चकाकतायत याच्यावर त्याचं बारीक लक्ष असायचं. एकदा त्याने सुरेश नावाच्या एका तेलुगू माणसाशी यावरून महिनाभर अबोला धरला. पुढे कळलं की बाटलीचं बूचच सैल होतं आणि तेल फळीत मुरत होतं. गणूने माफी वगैरे मागितली नाही. बूच बदललं आणि रेघ मारणं चालू ठेवलं.

अशा माणसाला संशय घेण्याचाच पगार मिळेल अशी नोकरी लागावी, हा योगच म्हणायचा. झालं असं की तो ज्या गोदामात माल चढवायचा तिथे एक दिवस विभावरी मॅडम कुंपणाच्या जाळीची भेंडोळी न्यायला आल्या. या मूळच्या पुण्याच्या, प्राणिशास्त्र शिकलेल्या. नवरा आणि मुलासह शारजात राहतात. उत्तरेकडच्या डोंगरांत, दिब्ब्याच्या अलीकडे, प्राण्यांसाठी राखून ठेवलेलं एक रान आहे, तिथल्या त्या अधिकारी. त्या जाळी मोजून घेत होत्या आणि नेमका त्याच वेळी भेंडोळ्यामागून साप निघाला. गोदामातली सगळी माणसं टेबलांवर चढली. गणूने झाडूच्या दांड्याने साप उचलला, रिकाम्या गोणीत सोडला आणि मागच्या भिंतीपलीकडे नेऊन सोडून दिला. सोडताना तो सापाशी मालवणीत काहीतरी पुटपुटला. मॅडमनी ते ऐकलं आणि दोन महिन्यांत गणूचा व्हिसा बदलला.

त्या रानाचं नाव मी इथे लिहीत नाही, नाहीतर सुट्टीच्या दिवशी शारजातल्या निम्म्या गाड्या तिकडेच वळतील. एक वादी आहे एवढं समजा. वादी म्हणजे डोंगरांमधली कोरडी नदी. पाऊस पडला तरच तिला नदी म्हणायचं. खाली रस्त्याला एक गाव: पेट्रोल पंप, मशीद, टायरवाला आणि केरळच्या खैरुद्दीनचं किराणा दुकान. वर वादीच्या तोंडाशी गेट आणि गेटपाशी पत्र्याची एक केबिन. केबिनमध्ये राखणदार दोघे. एक गणू आणि दुसरा जहूर.

जहूर पाकिस्तानातल्या स्वातकडचा, डोंगरातच वाढलेला. पन्नाशीचा, हाडापेराने मोठा, बोलायला कमी. चौदा वर्षं त्याने याच रानात काढली होती. दोघांचं काम सारखंच. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतली कार्डं बदलायची, वरच्या घळीतल्या कुंडात पाणी किती आहे ते लिहायचं, गावातल्या बकऱ्या आत शिरल्या तर हाकलायच्या आणि विनापरवाना येणाऱ्या माणसांना परत पाठवायचं. राखायचं ते मुख्यतः ताहरांना. ताहर म्हणजे डोंगरकपारीत राहणारा, शेळीच्या जातीचा एक दुर्मीळ प्राणी. साऱ्या वादीत ते मोजून अकरा होते.

पहिल्या आठवड्यात गणूला झोप लागेना. तो सिंधुदुर्गातल्या घाड्यांच्या घरातला. गावच्या देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराचा. रान असो, पाणवठा असो, त्या जागेचा कुणीतरी राखणदार असतो, त्याला जागेवाला म्हणायचं, आणि त्याला विचारल्याशिवाय तिथे वावरायचं नाही, हे त्याच्या रक्तातच होतं. इथे तर तो सहा दिवस जागेवाल्याला न विचारता फिरत होता. त्यातच कुंडापाशी पाय मुरगळला. मग काय, शंकाच उरली नाही.

अमावस्येला त्याने खैरुद्दीनकडून नारळ घेतला. तीन दिरहॅम, म्हणजे सत्तर रुपये. गावात परसातल्या माडाखाली पडलेले नारळ उचलायला माणूस मिळत नाही. दुपारच्या फेरीला तो एकटाच वरच्या घळीत गेला. कुंडाजवळ एक बोरीचं झाड आहे. अरब लोक त्याला दुसरं काही म्हणतात, पण बोर ती बोरच. तिच्या मुळाशी एक उभा दगड होता. गणूने तो धुतला, नारळ फोडला, एका वाटीला हळदकुंकू वाहून ती दगडापुढे ठेवली, बरोबर मूठभर भात आणि दोन उदबत्त्या.

“बा जागेवाल्या म्हाराजा, हय आमी पोटासाठी इललो आसव. काय चूकमाक झाली तर पदरात घे आणि ह्या रानात आमची राखण कर,” असं तो म्हणाला, आणि ‘होय म्हाराजा’ म्हणायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून तेही त्यानेच म्हटलं.

आता, रानात अन्नाचा कणही टाकायचा नाही, असा तिथला नियम. का, तर खोकडांना माणसाच्या खाण्याची चटक लागते, मग ती गावात येतात आणि गाडीखाली जातात. या नियमाखाली गणूने पहिल्याच दिवशी सही केली होती. पण नियम कचऱ्यासाठी असतो, नैवेद्याला कसा लागू होईल, असं त्याने स्वतःला समजावलं. एवढं समजावलं होतं तर मग तो दगड कॅमेऱ्याच्या नजरेआड आहे की नाही हे त्याने दोनदा वाकून का बघितलं, ते त्यालाच ठाऊक.

उरलेल्या अर्ध्या नारळाची त्याने चटणी केली. जहूरने ती रोटीबरोबर मिटक्या मारत खाल्ली आणि दुसरी वाटी कुठे गेली म्हणून विचारलं. सडका निघाला अर्धा भाग, गणूने सांगितलं. जहूरने मान हलवली. पण हा माणूस नारळाचा हिशोब का ठेवतो, अशी गणूच्या मनात पाल चुकचुकलीच.

दर अमावस्येचा नेम सुरू झाला. गणूला झोप लागू लागली. दोन दिवसांनी पुन्हा फेरीला जावं तर दगडापुढची जागा स्वच्छ असायची. देवाने घेतलं म्हणून पहिल्यांदा त्याने हात जोडले. दुसऱ्यांदाही जोडले. तिसऱ्यांदा मात्र जोडता जोडता तो थांबला. खोकड खोबरं खाईल, भात खाईल, पण करवंटी कशाला नेईल? आणि उदबत्तीच्या काड्या कोणतं जनावर खातं?

म्हणजे घळीत माणूस येत होता.

गणूचं डोकं भणभणलं. घळीत परवानगी फक्त दोघांना, म्हणजे येणारा चोरून येत होता, आणि चोरून येणारा माणूस कुंडावर येतो तो जनावरासाठीच. बरं, हे सांगावं तर कुणाला? ‘कशावरून?’ असं कुणी विचारलं की पुरावा काय द्यायचा, तर मी ठेवलेला नारळ गायब होतो! चोराला धरायचं तर आधी स्वतःचा गळा पुढे करायचा. गणू तोंड मिटून बसला आणि त्याने पाळत सुरू केली.

त्यातच एक ताहर दिसेनाशी झाली. वाकड्या शिंगाची म्हणून ती सगळ्यांना ओळखीची. तीन आठवडे ती एकाही कॅमेऱ्यात आली नाही. ऑफिसात कुजबुज सुरू झाली. खैरुद्दीनने दुकानात साखर बांधता बांधता सांगितलं, की शारजातल्या रोल्लाच्या बाजारात म्हणे कुणीतरी डोंगरी बकऱ्याची शिंगं विचारत फिरत होतं. कुणी सांगितलं ते खैरुद्दीनला आठवेना. पण गणूला तेवढं पुरे होतं. आता त्याला जो तो संशयित वाटू लागला: टायरवाला, पाण्याचा टँकरवाला, आठवड्यातून दोनदा फोटो काढायला येणारं एक म्हातारं गोरं जोडपंसुद्धा. शेवटी विचार करता करता तो आपल्याच केबिनमध्ये येऊन थांबला. घळीची वाट माहीत असलेला दुसरा माणूस साऱ्या गावात एकच होता.

डिसेंबरातल्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी जहूरची अर्धी सुट्टी होती. दुपारी तो फिरून येतो म्हणून निघाला. गणू गेटवर. तासाभराने त्याने दुर्बीण लावली, तर वरच्या घळीच्या वाटेवरून जहूर उतरत होता आणि त्याच्या खांद्यावर गोणी होती. केबिनमध्ये मात्र तो रिकाम्या हातांनी आला. गोणी कुठे ठेवली होती कोण जाणे. गणूने चहा दिला आणि कुठे फिरलात म्हणून सहज विचारलं. यहीं, इधर उधर, जहूर म्हणाला. त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

पुढच्या मंगळवारी विभावरी मॅडम कार्डं न्यायला आल्या. केबिनमध्ये तिघेही बसलेले, जहूर चहा ओततोय. गणूला बाहेर जाऊन बोलायचीही गरज वाटली नाही. त्याने चेहऱ्यावर हसू ठेवलं, गावची काही गंमत सांगत असल्यासारखं, आणि मराठीत सगळं सांगून टाकलं: सुट्टीच्या दिवशी घळ, खांद्यावर गोणी, विचारलं तर उडवाउडवी. नारळ तेवढा वगळला.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते जमलं नाही.

“क्या बात है गणू भाई, हमको भी हँसाओ,” जहूर कप पुढे करत म्हणाला.

“कुछ नहीं, गाँव की बात है,” गणू म्हणाला, आणि त्याने तो चहा प्यायला.

जाताना गाडीपाशी मॅडमनी सांगितलं, की हे मला मुदीरांना कळवावंच लागेल. मुदीर म्हणजे तिथले मोठे साहेब. वाकड्या शिंगाची मिसिंग आहे, अशा वेळी मी दाबून ठेवू शकत नाही. पण गणू, खात्री आहे ना? हे प्रूव्ह झालं तर नुसती नोकरी जात नाही, पोलीस केस होते. गणूने खात्री आहे म्हणून सांगितलं. मग पुढच्या वेळी तो गोणी घेऊन वर गेला की लगेच फोन कर, असं ठरलं.

त्या महिन्यात गणूचंही एक नाजूक काम मुदीरांच्या टेबलावर होतं. त्याचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता. आणि फेब्रुवारीत गिरिजा येणार होती. अकरा वर्षांच्या परदेशात बायको पहिल्यांदाच येणार होती, तिकीट काढून झालं होतं. फोनवर ती रोज विचारायची की डोंगरात थंडी असते का, लोणचं आणू की नको. नोकरी गेली तर अल क्वोजची ती खोली, ते आठ जण, आणि गिरिजाचं येणं रद्द. तेव्हा शहाण्या माणसाने पुढच्या अमावस्येला घळीकडे फिरकायलाही नको होतं. पण नेम मोडायचा कसा? उलट गणूला वाटलं, या वेळी तर जागेवाल्याची गरज आहे. त्याने मोठा नारळ घेतला, कुंकू जरा जास्तच वाहिलं आणि गाऱ्हाणं घातलं, की जो कोण तुझ्या जागेत चोरी करता त्याका माझ्या डोळ्यांसमोर उभो कर म्हाराजा.

जागेवाल्याने गाऱ्हाणं ऐकलं म्हणायचं. दुसऱ्याच दिवशी जहूर गोणी घेऊन वर गेला. गणूने फोन केला. मुदीर त्या दिवशी दिब्ब्यातच होते. जहूर खाली उतरेपर्यंत त्यांची पांढरी गाडी गेटशी येऊन उभी राहिली होती आणि मॅडमही पोचल्या होत्या.

जहूरला गोणी जमिनीवर रिकामी करायला सांगितलं. त्याने एकदा गणूकडे बघितलं, मग गोणी उलटी केली. पाण्याच्या चेपलेल्या बाटल्या पडल्या. वेफर्सची पाकिटं, एक तुटकी चप्पल, बकरीच्या गळ्यातला दोरीचा तुकडा. आणि सगळ्यात शेवटी, गडगडत, अर्धा नारळ.

म्हणजे वाट्या नेणारा हाच. चोर नव्हे, आपल्या मागून घळ साफ करत येणारा माणूस. काही सांगायची गरज नव्हती, डोळ्यांसमोर सगळं पडलं होतं.

पण मुदीरांना ते दिसत नव्हतं. त्यांनी पेनाच्या टोकाने नारळ फिरवला. पांढऱ्या खोबऱ्यावर लाल पूड थापलेली.

“शू हादा?” ते म्हणाले, आणि मग हिंदीत, “ये क्या है? ज़हर है? जानवर को मारने का?”

जहूर म्हणाला, जहर नाही, कचरा आहे, वर पडला होता, उचलला. कुणी टाकला? मालूम नहीं साहब, लोग आते जाते हैं. हे सांगताना त्याने गणूच्या दिशेने मानसुद्धा वळवली नाही. मुदीरांना पटलं नाही. बंद घळीत लोक कसे येतील? त्यांनी हात पुढे करून जहूरचं ओळखपत्र आणि फोन मागून घेतला. पूड तपासायला पाठवायची आणि रिपोर्ट येईपर्यंत याने गेटच्या आत पाय ठेवायचा नाही.

विभावरी मॅडम खाली वाकल्या. त्यांनी बोटाने पूड उचलली, नाकाशी नेली. पुण्यात वाढलेल्या बाईला कुंकू ओळखायला लॅब लागत नाही. त्या उठल्या, गणूजवळ आल्या आणि हळू आवाजात, मराठीत म्हणाल्या, “गणू, हे तुझं आहे. आत्ता एक शब्द बोलू नकोस. तुझं रिन्यूअल आहे, गिरिजाचा व्हिसा आहे. लॅबचा रिपोर्ट क्लीनच येईल, पंधरा दिवसांत जहूर परत येईल. तोवर मी बघते त्याचं काय ते.”

त्या चांगल्या मनानेच सांगत होत्या. गणूलाही ते पटलं. पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता. त्याने मान हलवायला सुरुवातही केली होती, तेवढ्यात त्याला जहूर दिसला. तो दोघांच्या तोंडाकडे बघत उभा होता. आपल्याबद्दल चाललंय एवढं कळत होतं, काय चाललंय ते कळत नव्हतं. आणि तरीही, गणू आपल्या बाजूने काहीतरी सांगतोय अशा विश्वासाने तो किंचित हसत होता. ते हसू गणूला सोसवेना. अंगावर कुणी थुंकलं असतं तर बरं वाटलं असतं, असं त्याने पुढे गिरिजाला सांगितलं.

तो मॅडमना ओलांडून पुढे गेला आणि हिंदीत बोलला, म्हणजे सगळ्यांना कळावं.

“साहब, नारियल मेरा है. पूजा का है, वो लाल कुंकू है, जहर नहीं. हर महीने मैं रखता था. जहूरभाई ने साफ किया.” तो तिथेच थांबला नाही. “और इनकी शिकायत भी मैंने ही की. इनके सामने बैठके. मराठी में.”

पुढचं आधीच सांगून टाकतो. गणूची नोकरी गेली नाही. लेखी ताकीद मिळाली, वरच्या घळीची फेरी काढून घेतली आणि वर्षभराची रजा बंद झाली. गिरिजा आली, तिने थंडीची तक्रार केली आणि आंब्याचं लोणचं अर्ध्या गावात वाटलं. वाकड्या शिंगाची मार्चमध्ये पलीकडच्या कड्यावरच्या कॅमेऱ्यात दिसली. ती पिल्लू घालायला तिकडे गेली होती, पिल्लू तिच्या पोटाखाली उभं होतं. जहूरने मात्र नारळ सापडला त्याच आठवड्यात अर्ज केला आणि दुसऱ्या टोकाच्या गेटवर बदली मागून घेतली. कारण गुडघेदुखी. मॅडमनी त्याला विचारलं, की नारळ कोण ठेवतो हे माहीत होतं तर गणूला तेव्हाच का नाही सांगितलंस? तो म्हणाला, आमच्याकडेही माणसं पिराच्या झाडाला कपडा बांधतात; परक्या डोंगरात एकट्या माणसाने कुठेतरी मन ठेवायला हवं. खोकडाला चटक लागू नये म्हणून मी दुसऱ्या दिवशी उचलत होतो, बस.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी गेटसमोर गणू बोलून थांबला तेव्हा मॅडम खाली बघत होत्या. जहूरचं हसू गेलं होतं. त्याने वाकून बाटल्या, पाकिटं, चप्पल एकेक करून पुन्हा गोणीत भरली.

“नारियल का तो मुझे पहले दिन से मालूम था, गणू भाई,” तो म्हणाला. “दूसरा नहीं मालूम था.”